पाच हजार पत्रकं, तीन फोन

वाचकाचं पत्र

पाण्याच्या टाक्या साफ करायचा आमचा व्यवसाय आहे. मी, भाऊ आणि तीन माणसं. धायरी, वडगाव, कोथरूड या भागातल्या सोसायट्या करतो. एकदा बोलावलेली सोसायटी सहसा सोडत नाही, पण नवीन कामं येत नाहीत. दिवाळीनंतर पाच हजार पत्रकं छापून पेपरातून टाकली. तीन फोन आले. त्यातल्या दोघांना घरातली एकच छोटी टाकी धुवून हवी होती. पत्रकाचा मजकूर असा : ‘अत्याधुनिक मशिनरीद्वारे सर्व प्रकारच्या टाक्यांची सफाई माफक दरात व खात्रीशीरपणे केली जाईल. ९९.९% जंतूंचा नाश! जीबीएस, कावीळ, टायफॉइडपासून कुटुंबाचे रक्षण करा! त्वरित संपर्क साधा. एकदा सेवेची संधी अवश्य द्या.’ ४० सदनिकांची सोसायटी असेल तर खालची एक आणि वरच्या दोन टाक्या मिळून आम्ही ६,००० रुपये घेतो. मजकुरात काय बदलू? सूट जाहीर करू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर

मजकुराकडे येऊच, पण आधी पत्ता चुकलाय ते पाहा. सोसायटीची टाकी कुणी साफ करायची हे तिसऱ्या मजल्यावर पेपर वाचणारे काका ठरवत नाहीत. ते सेक्रेटरी, चेअरमन आणि खजिनदार ठरवतात. काकांना तुमचं पत्रक पटलं तरी ते फार तर ग्रुपवर टाकतील, आणि तिथं ते सुप्रभातच्या फुलांखाली गडप होईल. पाच हजारांऐवजी दीडशे सोसायट्या निवडा आणि दीडशे पत्रं काढा. पाकिटावर सोसायटीचं नाव हातानं लिहा, खाली ‘सेक्रेटरी यांना’. सोसायटीला ऑफिस असेल तर तिथं द्या, नसेल तर वॉचमनकडे. पेपरवाल्याला दिलेल्या पैशांत हे सहज बसेल.

आता हे पाकीट उघडणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. दिवसभर स्वतःची नोकरी करून संध्याकाळी फुकटात सोसायटी सांभाळणारा. जंतूंची भीती त्याला थोडीफार असेल, पण सभासदांची जास्त आहे. टाकी साफ करायची म्हटलं की ग्रुपवर प्रश्न सुरू होणार हे त्याला माहीत असतं. पाणी किती वेळ बंद? रविवारीच का? एवढं पाणी ओतून देणार का? मागच्या वेळी कमी पैसे होते ना? माणूस आत उतरल्यावर काही झालं तर? आणि साफ झालं हे कशावरून? तुमच्या पत्रकात यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. जो मजकूर सेक्रेटरीच्या हातात ही उत्तरं आयती ठेवतो, तोच काम मिळवतो. आमचा सगळा सल्ला खरं तर या एका वाक्याभोवती फिरतो.

पहिला प्रश्न सर्वांत मोठा : नळ किती वेळ बंद. इथं बहुतेक सफाईवाले ‘अवघ्या दोन तासांत’ असं ठोकून देतात आणि तोंडघशी पडतात, कारण ते फक्त घासायचा वेळ धरतात. भरायचा वेळ विसरतात. पंप मिनिटाला १५० लिटर चढवत असेल तर १०,००० लिटरची टाकी भरायला ६६-६७ मिनिटं लागतात. अर्थात नळ सोडायला टाकी काठोकाठ भरायची गरज नसते. पाव टाकी, म्हणजे २,५०० लिटर, सतरा मिनिटांत होते. हा हिशेब त्या त्या सोसायटीचा पंप पाहून करा आणि त्यात अर्धा तास वाढवून लिहा. अडीच तास लिहून दोन तासांत नळ सुरू केलेत तर लोक कौतुक करतील. दोन लिहून अडीच लागले तर त्याच लोकांचे फोन सुरू होतील.

शिवाय कामाचा क्रम लिहा. खालची टाकी आधी साफ होते, तोवर वरच्या टाक्यांतलं पाणी घरात चालूच असतं. मग वरची एक (समजा ए विंगची), ती सुरू झाली की दुसरी (बी विंगची). म्हणजे दोन्ही विंग एकाच वेळी कोरड्या पडत नाहीत. तुम्ही हे रोज करता म्हणून तुम्हाला ते सांगण्यासारखं वाटत नाही, पण सेक्रेटरीला ते ठाऊक नसतं. ‘अत्याधुनिक मशिनरी’पेक्षा हे एक वाक्य कितीतरी जास्त काम करेल. त्यासाठी महापालिकेचं पाणी किती वाजता येतं हे आधी विचारून ठेवा, कारण खालची टाकी त्या वेळेच्या आत धुवून तयार असायला हवी.

पाणी वाया जाण्याच्या प्रश्नाचंही तसंच. आदल्या रात्री येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून टाकी फूट-दीड फुटापर्यंत वापरून संपवता ना? मग तसं लिहा. टँकरचे पैसे मोजणाऱ्या सोसायटीला ही ओळ सोन्यासारखी वाटेल.

माणसाच्या जिवाबद्दल जाहिरातीत बोलायचं नाही असा एक समज आहे. सेक्रेटरीच्या मनात मात्र ती भीती असतेच, कारण आवारात अपघात झाला तर पहिला फोन त्यालाच येतो. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो. पेट्रोलवरचं इंजिन आत किंवा तोंडाशी चालवलं तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. ओल्या टाकीत विजेचा पंप सोडला तर शॉकचा धोका. तुम्ही यावर काय करता ते दोन-तीन साध्या वाक्यांत लिहा : ब्लोअरनं हवा खेळवणं, कमरेला पट्टा आणि दोर, तोंडाशी सतत एक माणूस, विजेच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच), कामगार नुकसानभरपाईचा विमा. यातलं काही करत नसाल तर आधी करायला लागा, मग लिहा. विम्याची झेरॉक्स पत्रासोबत जोडलीत तर निम्मी स्पर्धा तिथंच मागे पडेल.

आता ९९.९ टक्के. हा आकडा कुठून आला? कुठल्या प्रयोगशाळेनं कुठल्या टाकीतल्या पाण्याचा अहवाल दिलाय? नसेल तर काढून टाका. जीबीएसचा (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) उल्लेखही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात या आजाराची जी साथ आली ती तुमच्या भागातल्या लोकांनी जवळून पाहिलीय. दूषित पाण्याची चर्चा तेव्हा घराघरांत होती. पण पाणी टाकीत येण्याआधीच दूषित असेल तर टाकी घासून ते शुद्ध होत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि सभासदांनाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. तुमच्या पत्रकामागे दिल्लीहून कुणी येणार नाही म्हणा. पण प्रत्येक सोसायटीत एक सभासद वकील असतो आणि एक निवृत्त इंजिनिअर.

त्या निवृत्त इंजिनिअरसाठीच खरा आकडा ठेवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) नळाच्या पाण्यात उरलेला मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असं म्हटलंय. क्लोरीन तपासायचं छोटं किट मिळतं. थेंब टाकले की पाणी पिवळसर होतं, रंगपट्टीशी जुळवायचं. टाकी भरून नळ सुरू झाल्यावर एका घरातल्या नळाचं पाणी सेक्रेटरीसमोर तपासा, फोटो काढा. ‘सफाईनंतर नळाच्या पाण्यातला क्लोरीन तुमच्यासमोर मोजून दाखवतो’ असं म्हणणं खरं आहे आणि कुणालाही पडताळून पाहता येतं.

दुसरा पुरावा गाळाचा. आजपासून प्रत्येक कामाला एक वही ठेवा : तारीख, किती सदनिका, टाकी किती लिटरची, मागची सफाई कधी, किती बादल्या गाळ निघाला, नळ किती वाजता बंद आणि किती वाजता सुरू. वीस-पंचवीस कामं झाली की तुमच्याकडे असा मजकूर जमेल जो दुसऱ्या कुणाला लिहिताच येणार नाही. फोटो काढताना आधीचा आणि नंतरचा एकाच कोनातून, त्याच बॅटरीच्या उजेडात. आधीचा अंधारात आणि नंतरचा लख्ख प्रकाशात काढला की लोकांना लबाडी लगेच कळते. इंटरनेटवरून उचललेला निळ्याशार पाण्याचा फोटो तर नकोच.

उरलेल्या शब्दांची परीक्षा सोपी आहे. ‘जुनाट पद्धतीने, महागात, बेभरवशाचे काम करून मिळेल’ असं कुणी छापेल का? नाही ना? मग ‘अत्याधुनिक’, ‘माफक’, ‘खात्रीशीर’ हे शब्द कोरेच. ते तुमच्याही पत्रकात आहेत, समोरच्याच्याही. ‘एकदा सेवेची संधी द्या’ मात्र कोऱ्याहून वाईट. त्यात विनवणीचा सूर आहे, आणि विनवणी करणाऱ्याला दर पाडून मागतात.

दराबाबत : तुमचा दर लपवण्यासारखा नाही. ६,००० भागिले ४० म्हणजे घरटी १५० रुपये. सहा महिन्यांतून एकदा केलं तर महिन्याला घरटी २५ रुपये. हा भागाकार तुम्हीच करून द्या, कारण सभेत सेक्रेटरीला तो करावाच लागतो आणि तिथं घाई असते. ‘५०० रुपयांपासून’ असली ओळ टाळा. पाचशे वाचून फोन करणारा सहा हजार ऐकून चिडतो, आणि तो राग दराचा नसतो, फसवल्याचा असतो. दरात काय येत नाही तेही लिहा : उखडलेलं प्लॅस्टर, गळका व्हॉल्व्ह, गंजलेलं झाकण. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि जीएसटी नोंदणी नसेल तर ‘जीएसटी लागू नाही’ असं सरळ लिहा, म्हणजे खजिनदार १८ टक्के मनातल्या मनात वाढवून बसणार नाही.

हे सगळं एकत्र केलं की पत्र साधारण असं होईल. आकडे तुमच्या वहीप्रमाणे बदला.

*मा. सेक्रेटरी,*

*टाक्यांच्या सफाईसाठी आपल्या प्रत्येक विंगचे नळ अडीच तास बंद राहतील. दोन्ही विंगचे नळ एकाच वेळी बंद होणार नाहीत.*

*आदल्या रात्री येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून खालच्या टाकीतले पाणी दीड फुटापर्यंत वापरून संपवतो. भरलेली टाकी ओतून देत नाही. सकाळी ७ वाजता खालची टाकी, १० वाजता ए विंगची वरची, १२.३० वाजता बी विंगची.*

*माणूस आत उतरण्याआधी आणि आत असेपर्यंत ब्लोअर चालू असतो. कमरेला पट्टा व दोर, टाकीच्या तोंडाशी एक माणूस कायम. पेट्रोलवरचे इंजिन टाकीजवळ चालवत नाही. पाचही जणांचा विमा आहे, प्रत सोबत जोडली आहे.*

*त्याच संध्याकाळी आपल्या व्हॉट्सॲपवर : प्रत्येक टाकीचे आधीचे व नंतरचे फोटो, निघालेल्या गाळाचे माप, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीनचा आकडा (मोजताना आपण हजर राहू शकता).*

*दर : खालची एक व वरच्या दोन टाक्या मिळून रु. ६,०००, म्हणजे ४० सदनिकांना प्रत्येकी रु. १५०. जीएसटी लागू नाही. दुरुस्तीची कामे यात नाहीत. दोष दिसला तर फोटो काढून दाखवू.*

*येत्या शनिवारी दुपारी ४ ते ७ आम्ही आपल्याच भागात आहोत. टाक्या पाहून लेखी दर देऊ, त्याचे पैसे नाहीत. ‘पाहून जा’ एवढा मेसेज या क्रमांकावर पाठवा.*

शेवटची ओळ बघा. ‘त्वरित संपर्क साधा’ वाचून माणूस मनात म्हणतो, कमिटीशी बोलल्याशिवाय मी काय संपर्क साधू? ‘पाहून जा’ला मात्र कमिटीची परवानगी लागत नाही. तुम्ही मागायची ती गोष्ट त्याच्या एकट्याच्या अखत्यारीतली हवी. आणि शनिवारी खरंच त्या भागात असा.

पत्रासोबत दुसरा कागद जोडा. आमच्या मते तोच हुकमाचा पत्ता आहे : नोटीस बोर्डावर लावायची तयार नोटीस. ती सोसायटीला नाहीतर स्वतः बसून लिहावी लागते.

*सर्व सभासदांस कळविण्यात येते की, रविवार दि. ….. रोजी पाण्याच्या टाक्यांची सफाई आहे. ए विंगचे नळ सकाळी १० ते १२.३० व बी विंगचे दुपारी १२.३० ते ३ बंद राहतील. घरी दोन बादल्या पाणी भरून ठेवावे. पाणी सुरू झाल्यावर पहिली ५ मिनिटे बाथरूमचा नळ सोडून ठेवावा. सुरुवातीला पाणी लालसर किंवा हवेसह येऊ शकते. तोवर गिझर, वॉशिंग मशीन व प्युरिफायर बंद ठेवावे. त्या दिवशी पाण्याला क्लोरीनचा हलका वास येईल. गच्चीवर कपडे वाळत घालू नयेत. पाण्याबाबत अडचण आल्यास सफाई करणाऱ्यांच्या ….. या क्रमांकावर फोन करावा.*

लालसर पाण्याचं आधीच सांगितल्यानं काम जाईल अशी भीती वाटेल. पण रिकाम्या पाइपात पाणी सुटलं की हवा आणि गंज येणारच. आधी सांगितलं तर ती माहिती ठरते, नंतर सांगितलं तर सबब. आणि शेवटचं वाक्य, ज्यात तक्रारीचा फोन सेक्रेटरीऐवजी तुम्हाला जातो, ते वाचून बरेच सेक्रेटरी तुमचा नंबर तिथंच साठवून ठेवतील.

व्हॉट्सॲपवर हाच मजकूर जसाच्या तसा ढकलू नका. लांब मेसेज मधूनच कापला जातो आणि पुढचं वाचायला बोट लावावं लागतं, म्हणून अडीच तासांची ओळ सर्वांत वर हवी. ‘नमस्कार, आम्ही गेली आठ वर्षे…’ अशी सुरुवात केलीत तर नोटिफिकेशनमध्ये तेवढंच दिसेल. सेक्रेटरी तो मेसेज कमिटीच्या ग्रुपवर पुढे पाठवणार, तेव्हा तो एकटा वाचला तरी कळला पाहिजे : शेवटी नाव, भाग, नंबर. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. अनोळखी दीडशे नंबर त्यात टाकून ‘पाठवलं’ असं समजू नका. ब्रॉडकास्ट जुन्या गिऱ्हाइकांसाठी ठेवा.

जुन्या सोसायट्यांकडून अभिप्राय मागताना ‘सेवा कशी वाटली?’ विचारलंत तर ‘छान’ एवढंच मिळेल. ‘त्या दिवशी पाणी किती वाजता सुरू झालं, आणि कुणाची तक्रार आली का?’ असं विचारा. उत्तर वापरण्याआधी परवानगी घ्या, तीही मेसेजवर, लेखी. गूगलवर चांगला शेरा लिहिला तर सूट देऊ असं मात्र सांगू नका. ते गूगलच्या नियमात बसत नाही आणि शेरे काढून टाकले जाऊ शकतात.

छपाईचं थोडक्यात. युनिकोडमध्ये (म्हणजे फोनवर नेहमी करतो त्या मराठी टायपिंगमध्ये) टाइप केलेला मजकूर प्रेसच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये गेला की जोडाक्षरं तुटतात. प्रूफ हातात आलं की ‘दुसऱ्या’, ‘येणाऱ्या’, ‘स्वच्छ’, ‘व्हॉल्व्ह’ हे शब्द आधी पाहा. मोडलं असेल तर तिथं हमखास सापडेल. फोन नंबर कागदावरून डायल करून बघा. मराठी न वाचणारे सेक्रेटरी असतील तिथं हिंदी किंवा इंग्रजीचा वेगळा कागद काढा, एकाच पानावर तीन भाषांची खिचडी नको.

वेळेचं म्हणाल तर दिवाळीनंतरचा मुहूर्त फारसा बरा नव्हता. सोसायट्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे ऑगस्टमध्ये कमिट्या एकत्र बसून कामांच्या याद्या करत असतात. पावसाचं गढूळ पाणीही तोवर टाक्यांत उतरलेलं असतं. जुलैच्या शेवटी पत्रं द्या. मेमध्ये पाणीकपातीच्या बातम्या चालू असताना टाकी रिकामी करायचा विषय काढूच नका. आणि पुण्यात देखभालीसाठी पाणी बहुतेक गुरुवारी बंद असतं, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबानं येतं. त्या दोन दिवसांत काम धरू नका, तसं मेसेजमध्ये सांगितलंत तर तुम्हाला गावाची नस माहीत आहे हेही दिसेल.

सूट देऊ नका. घरटी १५० रुपयांत २० टक्के सूट म्हणजे घरटी ३० रुपये, त्यासाठी कुणी निर्णय बदलत नाही, पण तुमचे १,२०० जातात. द्यायचंच असेल तर सहा महिन्यांनी आठवण करून द्यायची जबाबदारी घ्या. आठवणीच्या मेसेजात वहीतलीच ओळ टाका : ‘१४ फेब्रुवारीला आपल्या खालच्या टाकीतून साडेतीन बादल्या गाळ निघाला होता, बी विंगचे नळ २.४० ला सुरू झाले होते. ऑगस्टचे दुसरे आणि तिसरे रविवार मोकळे आहेत. कुठला धरू?’